गाडीखालून खडखड येऊन राहिली? सस्पेन्शनचा फॉल्ट कसा पकडायचा आणि नीट रिपेअर कसा करून घ्यायचा (नागपूरवाल्यांसाठी)

नागपुरात गाडी चालवायची म्हटलं की सस्पेन्शन हा विषय आज ना उद्या शिकावाच लागते. मेन रोड सिमेंटचे झाले, चांगलंच झालं, पण सिमेंटचा रोड संपून गल्ली सुरू होते तिथे वीतभर पायरी, बाजूचे पेव्हर ब्लॉक खचलेले, मधेच कोणीतरी पाइपलाइनसाठी खोदून नुसती माती लोटून दिलेली, आणि कॉलनीत ज्याने त्याने आपल्या घरासमोर आपल्या मापाचा ब्रेकर बनवलेला. वरून मे महिन्यातलं ४५ डिग्रीचं ऊन, त्यात दिवसभर रस्त्यावर उभी गाडी. खालचं रबर किती दिवस टिकणार बाप्पा.

गाडीखाली कधी वाकूनही न पाहिलेल्या लोकांसाठी हे लिहून राहिलो, ज्यांना सगळं माहीत आहे त्यांनी सरळ आठव्या स्टेपवर जा. मला एकच गोष्ट पटवायची आहे, ती म्हणजे आवाज नेमका कुठून येतो हे ठरल्याशिवाय एकही पार्ट बदलू देऊ नका. सस्पेन्शनवर लोकांचे सगळ्यात जास्त पैसे जातात ते चांगले पार्ट काढून नवीन बसवण्यात, आणि मग आवाज तसाच राहतो तो वेगळा.

१. खाली काय काय असते ते एकदा पाहून घ्या

आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या एसयूव्हीत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकर आणि स्प्रिंग एकाच दांड्यावर. मागे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा टॉर्शन बीम, त्याच्यावर स्प्रिंग वेगळी आणि शॉकर वेगळा. शॉकरलाच कोणी शॉकअप म्हणते, कोणी अॅब्झॉर्बर.

पुढच्या चाकाजवळ स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवून डोकावलं तर हे दिसते: चाकाला खालून धरणारा लोअर आर्म, त्याच्या बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट, आतल्या बाजूला दोन रबरी बुश, म्हणजे जोडात बसवलेल्या रबराच्या नळ्या. एक बारीक उभा दांडा, ती लिंक रॉड, ती जाऊन मिळते जंपिंग रॉडला (पुस्तकात याला स्टॅबिलायझर बार म्हणतात, गॅरेजमध्ये कोणीच म्हणत नाही). मागून चाक वळवणारा दांडा तो टाय रॉड, त्याचं टोक टाय रॉड एंड, आणि आत स्टिअरिंगचा रॅक. स्ट्रटच्या वरच्या टोकाला बॉनेटखाली रबरी माउंट आणि त्यात बेअरिंग.

एवढी नावं आली तरी पुरे. गॅरेजवाला "नीचे का सब गया है" म्हणाला की "सब म्हणजे कोणतं, लोअर आर्म का लिंक रॉड?" असं विचारता आलं पाहिजे, तेवढ्यानेच त्याची बोलायची पद्धत बदलते.

२. लागणारं सामान आणि कागद

घरी चेक करायला:

- गाडीचा जॅक आणि व्हील पाना
- दोन जॅक स्टँड, गॅरेजवाले याला घोडी म्हणतात. हे नसतील तर सहावी स्टेप घरी करू नका
- चाकाला मागून-पुढून लावायला लाकडी ठोकळे
- चांगला टॉर्च, मोबाइलचा चालतो पण हात अडकतो
- एक लांब टॉमी किंवा छोटी पहार
- पाण्याची बाटली, जुनं कापड, हँडग्लोव्ह
- सोबत एक माणूस, ज्याला ब्रेक दाब म्हटलं की ब्रेकच दाबता येते

गॅरेजला नेताना आरसी, सर्व्हिस रेकॉर्ड, गाडी वॉरंटीत असेल तर त्याचे कागद आणि आधी काही पार्ट बदलले असतील तर त्यांची बिलं. बिलं का, ते शेवटी येईलच.

३. आधी फुकटच्या गोष्टी

खडखड म्हणजे सस्पेन्शनच असं काही नाही. डिक्की उघडा, स्टेपनीचा बोल्ट ढिला आहे का पाहा, जॅक आणि पाना आपल्या जागी घट्ट आहेत का पाहा. मागच्या सीटखाली पाण्याची बाटली, डॅशबोर्डच्या खणात सुट्टे पैसे, मागची नंबर प्लेट, बॉनेटचा स्टँड, सायलेन्सरचं रबरी हँगर, त्याच्यावरचा पत्रा. सायलेन्सर गार असताना हाताने हलवून पाहा, पत्रा ढिला असेल तर हुबेहूब सस्पेन्शनसारखा झणझण वाजतो. सीएनजी किट बाहेरून बसवलेली असेल तर सिलिंडरचे पट्टे नक्की पाहा.

मग हवा. ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरवर प्रेशर लिहिलेलं असते, तेवढंच टायर गार असताना भरा. हवावाल्याला नुसतं "भर भाऊ" म्हटलं तर तो प्रत्येक गाडीत आपल्या मनाने ३५ ठोकून देतो, आणि मग गाडी कडक लागून राहिली म्हणून लोक शॉकर बदलतात. एका बाजूला कमी आणि एका बाजूला जास्त हवा असेल तर गाडी ओढतेसुद्धा.

हे सगळं करायला अर्धा तास लागतो आणि खर्च शून्य. बऱ्याच गाड्यांचा रोग इथेच संपतो.

४. आवाज पकडा

ही सगळ्यात महत्त्वाची स्टेप आहे, घाई करू नका. रविवारी सकाळी लवकर निघा, ट्रॅफिक नसते. एसी, गाणे, पंखा सगळं बंद, काचा खाली, आणि गाडी एखाद्या भिंतीच्या किंवा कंपाउंडच्या कडेने हळू न्या, आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि डावा-उजवा कळतो. तीन प्रकारचे रस्ते लागतात: बारीक खड्ड्यांची गल्ली, ब्रेकरवाली कॉलनी, आणि एक सलग गुळगुळीत रस्ता.

बारीक खड्ड्यांवर, १५-२० च्या स्पीडला टक-टक, कट-कट असा हलका धातूचा आवाज, आणि तोच रस्ता जरा जोरात घेतला की कमी वाटतो, तर पहिला संशय लिंक रॉडवर. ही सगळ्यात कॉमन आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. जंपिंग रॉडचे बुश ढिले झाले तरी साधारण असाच आवाज येतो, फक्त जरा जाड, ढुप-ढुप.

ब्रेकर उतरताना एकच "धडक" असा मोठा आवाज, किंवा रिव्हर्स घेऊन ब्रेक मारला आणि मग पुढे घेताना ब्रेक मारला की दोन्ही वेळा एकेक ठोका, तर लोअर आर्मचे बुश पाहायचे. त्यातला मागचा बुश फाटला की ब्रेक मारताना चाक थोडंसं मागे सरकते आणि गाडी एका बाजूला ओढते.

ब्रेकर गेल्यावरही गाडी दोन-तीनदा डुलते, ब्रेक मारला की तोंड खाली जाते, हायवेवर ट्रक बाजूने गेला की गाडी तरंगल्यासारखी वाटते, हे सगळं शॉकरचं. इथे लोक फसतात, कारण खराब शॉकर बरेचदा आवाजच करत नाही, नुसता डुलवतो. आवाज आहे पण डुलत नाही, तर शॉकर सोडून दुसरं काही असायची शक्यता जास्त.

गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं आणि कर्रर्र होऊन स्प्रिंग सुटल्यासारखा "टण" आवाज आला तर स्ट्रटचं वरचं माउंट किंवा बेअरिंग.

खराब रस्त्यावर स्टिअरिंगमध्येच हाताला टकटक जाणवते, तर टाय रॉड एंड, रॅक एंड (टाय रॉडचं आतलं, रॅककडचं टोक) किंवा रॅकचा बुश. रॅक पूर्ण बदलायला सांगतील, त्याआधी बाकी सगळं तपासा, कारण रॅक महाग आहे.

चुई-चुई, कुई-कुई, जुन्या पलंगासारखा आवाज, थंडीत सकाळी जास्त, तर रबर सुकलेलं. हे पकडायला पाण्याची बाटली: संशय असलेल्या बुशवर पाणी ओता आणि गाडी दाबून पाहा, आवाज थोड्या वेळासाठी बंद झाला तर तोच बुश. एकेका बुशवर वेगवेगळं ओता, नाही तर काहीच कळत नाही.

आता जे सस्पेन्शनचं नाही ते. फुल टर्न घेऊन गाडी पुढे काढताना कट-कट-कट होते ते अॅक्सलच्या जॉइंटचं. ८०-१०० ला स्टिअरिंग थरथरते ते बहुतेक वेळा बॅलन्सिंगचं. फक्त ब्रेक मारल्यावर थरथरते ते डिस्कचं. स्पीडसोबत वाढत जाणारी घुंम्म व्हील बेअरिंगची, आणि डावीकडे-उजवीकडे हलकं वळवलं की ती कमी-जास्त होते. पण थांबा, वर्धा रोड किंवा रिंग रोडच्या सिमेंटवर प्रत्येक गाडी घुमते, आणि स्लॅबच्या जोडावर ठरावीक अंतराने धड-धडही करते. नवीन लोक तेच ऐकून बेअरिंग बदलायला निघतात. बेअरिंगची टेस्ट नेहमी डांबरी रस्त्यावर करा.

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा, कुठे, किती स्पीडला, कोणत्या बाजूला ते बोलून टाका त्याच्यात. गॅरेजमध्ये गाडी गेली की आवाज हमखास गायब होतो, दवाखान्यात गेल्यावर ताप उतरतो तसा.

५. उभ्या गाडीवर चेक

गाडी सपाट जागेवर लावा. चारही चाकांच्या वर गाडीचा पत्रा आणि टायर यातली गॅप बोटांनी मोजा. डावी-उजवी सारखी पाहिजे. एका बाजूला कमी असेल तर स्प्रिंग बसली किंवा तुटली. स्प्रिंग तुटते ती बहुतेक सगळ्यात खालच्या वेटोळ्यात, ती बसते त्या वाटीच्या आत, वरून दिसत नाही, टॉर्च घेऊन पाहावं लागते. सीएनजीवाल्या गाडीत मागची बाजू थोडी बसलेली असणारच.

एकेका कोपऱ्यावर जोर देऊन गाडी दाबा, लय पकडून दोन-तीनदा, आणि सोडा. वर येऊन एकदा खाली जाऊन थांबली पाहिजे. डुलतच राहिली तर शॉकर गेला. उलटं मात्र नक्की नाही, या टेस्टमध्ये पास झालेला शॉकर हायवेवर नापास होऊ शकतो.

शॉकरच्या नळीवर पाहा. हलका धुळीचा थर, थोडासा ओलसरपणा चालतो. पण वरपासून खालपर्यंत तेलाचे ओघळ, त्यावर माती चिकटून काळा चिखल झालेला, तर सील गेलं.

टायरवर उलटा हात फिरवा. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड घासलेली असेल तर अलाइनमेंट किंवा वाकलेला पार्ट. मधेमधे खोलगट, उंच-सखल, हाताला लाटा लागतात तसं घासलं असेल तर शॉकर किंवा बॅलन्सिंग.

आता बॉनेट उघडा, एकाला आत बसवून स्टिअरिंग हळूहळू डावी-उजवी फिरवायला सांगा आणि तुम्ही स्प्रिंगला बाहेरून नुसतं बोट टेकवा, वेटोळ्यांच्या मधे अजिबात घालू नका. चांगल्या गाडीत स्प्रिंग सावकाश, सलग फिरते. बेअरिंग जाम असेल तर स्प्रिंग थोडी अडते, पीळ भरत जातो, आणि मग एकदम बोटाला झटका देऊन सुटते. एकदा हा झटका बोटाला लागला की पुन्हा कोणाला विचारायची गरज पडत नाही.

६. जॅकवर चेक

हँडब्रेक, गिअर, मागच्या चाकांना ठोकळे. जॅकने उचला, घोडीवर टेकवा, आणि मगच हात घाला. विटांवर गाडी टेकवू नका, वीट भार आला की सूचना न देता फुटते. नुसत्या जॅकवर गाडीखाली डोकं कधीच घालायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही.

चाक वर आणि खाली धरून, म्हणजे घड्याळाच्या १२ आणि ६ वर, हलवा. खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर सोबतच्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ बंद झाला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा आर्म. मग ३ आणि ९ वर धरून हलवा, इथे खेळ असेल तर टाय रॉड एंड किंवा आतला रॅक एंड. सोबतच्याला हलवायला सांगून तुम्ही जॉइंटवर हात ठेवा, जो ढिला असेल तो हाताखाली टुकटुक करतो.

लोअर आर्मच्या बुशमध्ये टॉमी घालून हलका जोर द्या. नुसतं पाहून कळत नाही, वरून बुश चांगला दिसतो. जोर दिला की वाळलेल्या भाकरीसारखी भेग उघडते, आत रबर धातूपासून सुटलेलं दिसते. वरवरच्या बारीक भेगा चालतात, आरपार फाटलेला नाही चालत.

लिंक रॉडची एक गंमत आहे. एकच चाक उचललं की जंपिंग रॉडला पीळ बसतो आणि गेलेली लिंक रॉडही घट्ट लागते. म्हणून ती पाहायची तर दोन्ही पुढची चाकं वर, किंवा दोन्ही जमिनीवर. टोकावरच्या काळ्या रबरी टोपीला चीर गेली असेल, ग्रीस बाहेर येऊन त्यात बारीक रेती मिसळून करड्या रंगाची पेस्ट झाली असेल, तर ती गेलीच समजा. खात्री करायची असेल तर मेकॅनिककडून दोन्ही बाजूच्या लिंक रॉड काढून घ्या आणि त्याच गल्लीत अगदी हळू एक चक्कर मारा. आवाज गायब, तर केस बंद. अशी गाडी वळणावर जास्त झुकते, त्यामुळे टेस्ट झाली की लगेच परत बसवायच्या, तसंच घरी जायचं नाही.

७. काय आज करायचं, काय थांबू शकते

बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड यांच्यात खेळ असेल तर गाडी चालवू नका, टो करून न्या. बॉल जॉइंट निघाला तर चाक आडवं पडते, टाय रॉड निघाला तर स्टिअरिंग फिरवून काही उपयोग नसतो. तुटलेली स्प्रिंगही तशीच, तुकडा टायरला लागून टायर फाटतो.

गळणारे शॉकर, फाटलेले आर्म बुश, घुमणारं बेअरिंग: काही दिवसांत करा, आणि तोपर्यंत समृद्धीवर जाऊ नका. शिवमडक्याहून गाडी चढली की कारला १२० ची लिमिट आहे, तासन् तास एकसारखा स्पीड, तिथे बेअरिंग जाम होणं म्हणजे काय ते सांगायला नको.

लिंक रॉड, जंपिंग रॉडचे बुश, कुईकुई करणारं रबर: डोक्याला ताप आहे, पण पगार होईपर्यंत थांबते.

८. गॅरेज कोणतं आणि बोलायचं कसं

गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर, विचारच करू नका, बाहेर उघडली तर क्लेम करताना वाद होतो. तिथे रोड टेस्ट मागा आणि स्वतः सोबत बसा. सर्व्हिस अॅडव्हायझर गाडी नुसती लिफ्टवर घेऊन एस्टिमेट काढत असेल तर थांबवा.

वॉरंटी संपली असेल तर फक्त सस्पेन्शनचं काम करणारा माणूस शोधा. हिंगणा रोड, कामठी रोड, अमरावती रोड, कुठेही राहत असाल तरी तुमच्या भागातल्या टॅक्सीवाल्यांना विचारा, ते सगळ्यात जास्त चालवतात आणि सगळ्यात कमी खर्चात करून घेतात. त्याच्याकडे पिट (गाडीखाली उतरायचा खड्डा) किंवा लिफ्ट आणि बुश काढायचा हायड्रॉलिक प्रेस पाहिजे. हातोडी मारून बुश बसवणारा असेल तर नमस्कार करून निघा.

बोलणं साधारण असं होते:

"भाऊ, दोन्ही शॉकर गेले तुमचे, बदलून टाका, रोजची कटकट नाही."

"गेले असतील उस्ताद, पण दाखवा ना आधी. तेल कुठं गळून राहिलं?"

"तेल नाही, अंदरून गेले."

"मंग लिंक रॉड काढून एक चक्कर मारू, तरी आवाज आला तर शॉकरचं पाहू."

चिडायचं नाही, आवाज वाढवायचा नाही, फक्त प्रत्येक पार्टला "दाखवा" म्हणायचं. खेळ डोळ्यांनी दिसला की पार्ट बदला. चांगला मेकॅनिक स्वतःच हाताला धरून खाली नेतो आणि टॉमी लावून दाखवतो.

अलाइनमेंटवाल्यांचा एक वेगळाच सापळा. माझी हॅचबॅक ब्रेक मारला की डावीकडे जात होती. एका दुकानात प्रत्येक वेळी अलाइनमेंट करून देत, स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे, आणि बाहेर निघालं की पुन्हा तेच. आकडे खरेच बरोबर होते, कारण मशीन उभी गाडी मोजते. फाटलेला बुश ब्रेक मारल्यावरच सरकतो. शेवटी दुसऱ्याने टॉमी लावली आणि डाव्या आर्मचा मागचा बुश उघडा पडला. सस्पेन्शनमध्ये खेळ असताना केलेली अलाइनमेंट म्हणजे पैसे पाण्यात.

तिथेच "कॅम्बर आऊट आहे, करेक्शन करू" हेही ऐकायला मिळते (कॅम्बर म्हणजे उभ्या चाकाचा आत-बाहेर कल). बऱ्याच छोट्या गाड्यांत कॅम्बर अॅडजस्ट करायची सोयच नसते, मग हे लोक जॅक लावून स्ट्रट वाकवतात. कॅम्बर आऊट आहे तर का आहे ते शोधा: स्ट्रट वाकला, आर्म वाकला का माउंट बसलं. वाकलेला पार्ट बदलायचा असतो, उलट्या बाजूने वाकवायचा नसतो.

९. पार्ट घेताना

शॉकर आणि स्प्रिंग नेहमी जोडीने, म्हणजे पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही. एक नवा एक जुना असेल तर गाडी ब्रेक आणि वळणावर विचित्र वागते. चारही एकदम बदलायची गरज नसते. लिंक रॉडही जोडीनेच बरी, मजुरी तीच लागते. लोअर आर्म एका बाजूचाच वाकला असेल तर एकच चालतो.

स्ट्रट उघडतोच आहे तर माउंट, बेअरिंग, बंप स्टॉपर आणि धुळीचं रबरी कव्हर त्याच वेळी बदला, पुन्हा उघडायची मजुरी वाचते. आर्मचे नुसते बुश मिळतात, पण बॉल जॉइंटही ढिला असेल तर पूर्ण आर्म घेणं परवडते.

मारुतीसाठी एमजीपी, ह्युंदाईसाठी मोबिस हे कंपनीचे डबे. बाहेरच्यात शॉकरला गॅब्रियल, मनरो, केवायबी, आणि टाय रॉड-बॉल जॉइंटला राणे, टीआरडब्ल्यू ही चालणारी नावं. डुप्लिकेट डबे खूप फिरतात, म्हणून मोठ्या काउंटरवरून आणि बिलावर घ्या. "बिल नको असेल तर स्वस्तात देतो" हे प्रत्येक ठिकाणी ऐकू येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्टवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, आधी बऱ्याच पार्टवर २८ होता, तेव्हा बिल नाकारून वाचणारे पैसे आता तसेही कमी झाले आणि वॉरंटी मात्र पूर्ण जाते.

तेल भरून रिपेअर केलेले शॉकर घेऊ नका. दिसायला रंग मारून नवे करकरीत असतात. तसंच स्प्रिंगच्या वेटोळ्यात बसवायचे रबरी बफर, ग्राउंड क्लिअरन्स वाढवतो म्हणून विकतात. गाडी थोडी वर येते हे खरं, पण त्या जागी स्प्रिंग काम करणं बंद करते आणि धक्का शॉकरवर आणि बॉडीवर जातो.

१०. काम होताना उभे राहा

स्प्रिंगला कॉम्प्रेसर लावून पूर्ण दाबल्याशिवाय स्ट्रटचा मधला नट खोलायचा नाही. स्प्रिंग सुटली तर माणूस मरू शकतो, हे काम घरी यूट्यूब पाहून करायचं नाही म्हणजे नाही.

नवा शॉकर बसवायच्या आधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून वर घ्यायचा असतो, आडवा पडून राहिल्याने आत शिरलेली हवा निघते. त्याचा चमकता दांडा पकडीने धरू देऊ नका, ओरखडा पडला की तिथूनच सील फाटते.

आणि ही गोष्ट दहातले नऊ लोक करत नाहीत: लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट शेवटचे टाइट करायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. चाक हवेत लटकलेलं असताना फुल टाइट केलं तर गाडी खाली आली की रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहते आणि नवा बुश लवकरच फाटतो. मग नाव पार्टचं खराब होते. मेकॅनिकला आधीच सांगा, "उस्ताद, आर्मचे बोल्ट गाडी खाली घेऊन कसा." पिटवर गाडी चाकांवरच उभी असते, तिथे हे सोपं जाते.

टाय रॉड एंड काढताना किती आटे बाहेर आहेत ते मोजून ठेवायला सांगा, नाही तर अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी खेकड्यासारखी जाते. बॉल जॉइंटला स्प्लिट पिन असेल तर नवीन टाकायची.

गाडी धुतल्यावर खालून डिझेल किंवा जुनं ऑइल मारून देतात, आवाज बंद होतो म्हणून. चार दिवस होतो, आणि तेल पिऊन रबर फुगून मऊ पडते. मारायचंच असेल तर सिलिकॉन स्प्रे.

जुने पार्ट परत मागा, डिक्कीत टाकून घरी आणा. बदलले म्हणून सांगून नुसते पुसलेले पार्ट यातून कळतात.

११. शेवटी अलाइनमेंट आणि ट्रायल

स्ट्रट, आर्म, टाय रॉड, रॅक यातलं काहीही उघडलं की व्हील अलाइनमेंट करायचीच, पण सगळं काम झाल्यावर आणि थोडी गाडी चालवून झाल्यावर. फक्त लिंक रॉड किंवा जंपिंग रॉडचे बुश बदलले असतील तर गरज नाही. टायरची हवा आधी बरोबर करून घ्या आणि आधीचे-नंतरचे आकडे असलेली प्रिंट मागा. गाडी सरळ जाताना स्टिअरिंग सरळ पाहिजे, वाकडं असेल तर तिथेच परत लावायला सांगा.

ट्रायल त्याच गल्लीत, त्याच स्पीडला, काचा खाली करून, जिथे तुम्ही पहिल्यांदा आवाज रेकॉर्ड केला होता. मेकॅनिकला सोबत बसवा. चाकांचे नट शंभरेक किलोमीटर झाल्यावर एकदा पान्याने तपासून घ्या.

खड्ड्यात जोरात आपटून आर्म किंवा चाक वाकलं असेल तर इन्शुरन्सवाल्यांना गाडी उघडायच्या आधी कळवा, जागेवरचे फोटो काढा. झिजलेल्या बुश-शॉकरचा क्लेम कोणत्याच पॉलिसीत होत नाही, त्यासाठी फोन करून वेळ घालवू नका. आणि पार्टच्या बिलाचा त्याच दिवशी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. काउंटरवरच्या थर्मल पेपरची शाई नागपूरच्या उन्हात डॅशबोर्डवर एक उन्हाळाही टिकत नाही, आणि वॉरंटीत शॉकर बदलून मागायला गेलं की दुकानदार पहिले बिलच मागतो.